आतल्या बाजूची ओवी

मित्रांनो, मी एक जुना कुर्ता आहे. आता मला पाहून कोणी कुर्ता म्हणणार नाही, पण ते पुढे कळेलच. मला उलटं शिवलं, ही माझी जन्माची तक्रार होती. त्या तक्रारीचं पुढे काय झालं, ते आज सांगतो.

भिवंडीतल्या नारपोलीत, एका यंत्रमागावर, कानठळ्या बसवणाऱ्या खडखडाटात मी विणला गेलो. शेजारच्या मागांवरचं कापड टेरिकॉटचं, गुळगुळीत आणि मिजासखोर. मी तेवढा सुती आणि खरखरीत, म्हणून ते मला हसायचं. मला विणणाऱ्या कारागिराने मात्र माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "सूती है. जितना धुलेगा, उतना नरम होगा." तेवढं कौतुक मला पुष्कळ दिवस पुरलं.

मला विकत घेतलं अदितीने. कामतघरच्या तिच्या घरातली पुढची खोली म्हणजे तिचं शिवणघर. कपडे शिवण्याचं रीतसर शिक्षण घेतलेली ही मुलगी, पण डोक्यात एक खूळ होतं. जुन्या पोथ्यांतली कविता तिला लोकांच्या अंगावर घालायची होती. सैल बाह्या, बटणांऐवजी बंद, आणि छातीवर ओवी, असे कुर्ते तिने मनाशी योजले होते. एका कॉलेजात जुन्या ओव्या म्हणण्याचा कार्यक्रम होता, आणि तिथल्या मुलामुलींसाठी असे कुर्ते करून द्यायचं तिने कबूल केलं होतं. घरात ठरलं होतं की हे जमलं तर शिवणघर चालू ठेवायचं. नाही तर पूर्णा गावच्या एका गोदामाच्या ऑफिसातली नोकरी सांगून आली होती, ती धरायची. त्या नोकरीचं नाव निघालं की अदिती अर्ध्या ताटावरून उठायची.

ओवी निवडून दिली तिच्या आजोबांनी, तात्यांनी. तात्यांनी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं होतं आणि त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं. ओवी फार जुन्या काळच्या कुणा बाईची. तिचं नाव काही उरलेलं नाही. ती देवाला सांगते, माझं लुगडं फाटकं आहे, जग मला हसतं, पण त्याच्या आत मी तुझं नाव नेसले आहे, ते जगाला कशाला दाखवू? तात्यांच्या अक्षराचा लाकडी ठसा तयार झाला. चार ओळी, निळा रंग, चांगला चौकोनी ठसा. तो माझ्यावर उमटला तेव्हा मी हरखून गेलो. टेरिकॉटच्या नशिबात कुठली ओवी!

तात्या मात्र मला पाहून गंभीर झाले.

"अगं, ती बाई म्हणतेय कशाला दाखवू, आणि तू तिलाच छातीवर लावून हिंडवणार? दुकानाच्या पाटीसारखी?"

"पण तात्या, दिसलीच नाही तर वाचणार कोण?"

"मग तुझं तू बघ. मला कार्यक्रमाला बोलावू नकोस."

तात्या शब्दाचे पक्के. कापड बेतताना अदितीच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावर पडलं, ते मला अजून आठवतं.

आम्हा सगळ्या कुर्त्यांना शिवलं मैनामावशीने. मैनामावशी जवळच्या गावातून रिक्षाने यायची. तिने उभं आयुष्य कारखान्यांत परकर आणि उशांचे अभ्रे शिवले होते. आता भिवंडीत कापडावर अक्षरं दिसली तर ती कशाची असणार? व्यापाऱ्याच्या शिक्क्याची. शिक्का नेहमी आत घ्यायचा. बाहेर राहिला तर माल परत. त्या दिवशी अदिती बंदांसाठी नाड्या आणायला ठाण्याला गेली होती. मैनामावशीने माझ्यावरची निळी चौकोनी अक्षरं पाहिली, सवयीने आत घेतली आणि मशीन चालू केलं. मी आतल्या आत ओरडत होतो, पण कापडाचं कोण ऐकतं?

अदिती परत आली तेव्हा सगळे कुर्ते घड्या घालून तयार होते. तिने मला उचललं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"मावशी, ओवी कुठंय?"

"कंची ओवी? त्यो शिक्का व्हय? घेतला ना आत. भायेर ठेवाया मी काय येडी हाय?"

 कार्यक्रम दुसऱ्या दिवशी सकाळी होता. सगळं उसवून पुन्हा शिवायला वेळच नव्हता. तरी तिने कात्री घेतली आणि माझी बाही उसवायला सुरुवात केली. मैनामावशीच्या तोंडचं पाणी पळालं.

"ताई, माझ्या हातानं वाटोळं झालं वो. मना ठावं न्हवतं."

तेवढ्यात तात्या चहाला हाक मारायला आले. मी टेबलावर उलटा पडलो होतो. चष्मा सावरून त्यांनी आपलंच अक्षर वाचलं. मग मला सुलटं केलं, पाहिलं, पुन्हा उलटं केलं.

"हे कोणी केलं?"

"मी, तात्या. चुकी झाली."

"चूक तर झालीच मैनाबाई. पण ती बाई जिथे म्हणत होती ना, तिथेच जाऊन बसली की ही ओवी! अदिती, कात्री खाली ठेव. मी येतो उद्या."

"पण तात्या, वाचणार कोण?"

"घालणारा वाचेल."

माझी एक बाही लोंबत होती, म्हणून मला काही नेलं नाही. दुसऱ्या दिवशी बाकीचे कुर्ते ऐटीत निघाले आणि मी खुंटीवर राहिलो. फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पुढचं सारं मी मैनामावशीच्या तोंडून ऐकलं. साधे, कोरे कुर्ते पाहून कॉलेजच्या मॅडमच्या कपाळाला आठी पडली. "ओवी कुठे आहे?" त्यांनी विचारलं. पहिल्या रांगेतल्या एका मुलीने छातीवर हात ठेवला. "आत आहे, मॅडम," म्हणाली, आणि कागद न घेता ओवी म्हणून दाखवली. मग एकेकाने छातीवर हात ठेवून तीच ओवी म्हटली. कार्यक्रम संपल्यावर मॅडमनी स्वतःसाठीही एक कुर्ता सांगितला. गोदामाच्या नोकरीचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

माझी बाही मैनामावशीने शिवली आणि अदितीला विचारून तिने मला आपल्या लेकीला, हेमालीला दिलं. गंमत बघा, पूर्णा गावच्या गोदामात मीच गेलो! हेमाली तिथे खोक्यांवर कागद चिकटवायची. प्रत्येक खोक्याचं नावगाव बाहेर, आमचं तेवढं आत. उभं राहून पाय भरून आले, की ती छातीवर हात ठेवायची आणि पुढचं खोकं ओढायची. ते माझे सर्वांत चांगले दिवस.

पुढे माझी कॉलर विरली. हेमालीचं लग्न झालं, आणि मी चिंध्यांच्या गाठोड्यात गेलो. यंत्रमागाचं तेल पुसायला सुतीच चिंधी लागते, तेल टिपणं टेरिकॉटला जमत नाही. तेव्हा जन्मात पहिल्यांदा मला टेरिकॉटचा हेवा वाटला.

पण एके दिवशी मैनामावशीने गाठोडं सोडलं. हेमाली माहेरी आली होती, तिचे दिवस भरत आले होते. तान्ह्या बाळाला आमच्याकडे आधी नवं कापड घालत नाहीत. धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनं कापडच घालतात. मैनामावशीने मला गालाला लावून पाहिलं. कारागिराचं म्हणणं खरं ठरलं होतं. तिने कात्री लावली, आणि छातीवरच्या फिकट निळ्या अक्षरांपाशी येऊन थांबली.

"हेमाली, आता तरी इचारते बाय. ही भायेर घेऊ का आत?"

हेमालीने पोटावर हात ठेवला. "आतच घे, आई."

असं माझं झबलं झालं, मित्रांनो. दुसऱ्यांदा मला उलटं शिवलं, पण या वेळी विचारून.

जुना कपडा टाकून देण्याआधी तुम्हीही तो एकदा उलटा करून बघा. कोणीतरी त्याची शिवण घातलेली असते, कोणाचा तरी घाम त्यात मुरलेला असतो. त्याला सावलीत वाळवा, उसवला तर टाका घाला. आणि अगदी विरला, तर कोणाच्या तरी अंगाला मऊ लागेल असं काही त्याचं करा.

आता मला जायला हवं. बाळाची आंघोळ आटोपली आहे, आणि हेमाली लेकीला मांडीवर घेऊन ओवी म्हणते आहे. अक्षरं तर केव्हाच पुसट झाली, पण हेमालीला ओवी वाचावी लागत नाही.