कठड्याशी उभा होतो तो मी

मित्रांनो, खुंटीवर लोंबणारा हा नारिंगी कपडा बघून तुम्ही नाक मुरडाल. मुरडा खुशाल! मी एक जुना बॉयलर सूट आहे. म्हणजे शर्ट आणि पँट एकत्र जोडलेला कपडा, समोर गळ्यापासून खाली लांबलचक चेन आणि छातीवर निळ्या दोऱ्याने काढलेलं नाव, ‘सुजित’. जहाजाच्या इंजिनात काम करणारी माणसं मला घालतात. आता मी गुडघ्यावर फाटलोय, अंगभर तेलाचे डाग आहेत. घरात आलेगेले लोक माझ्याकडे बघायचं टाळतात. बनूबाई तेवढी येताजाता माझ्या बाहीला हात लावते आणि कामाला लागते.

माझा जन्म उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधला. बनूबाई कुळगावहून रोज तिथे एका कारखान्यात जीन्स शिवायला जायची. तिचा मुलगा सुजित बोटीवर नोकरीला लागला, तेव्हा तिने हट्टच धरला की पोराचा पहिला सूट मीच शिवणार. शेठजी हसायला लागले. “अरे बनूबाई, कंपनी देती है ना कपडा!”

“देऊ दे की. कंपनीचा टाका आनि आयशीचा टाका सारका असतो काय?”

शेठजींनी हात जोडले आणि नारिंगी कापडाचा तागा काढून दिला. बनूबाईने मला सगळीकडे दुहेरी शिवण घातली. डाव्या खांद्याच्या आत, कुणाला दिसणार नाही अशा जागी, हिरव्या दोऱ्याची एक छोटी फुली मारली. पोराला नजर लागू नये म्हणून.

मग काय, मी निघालो समुद्रावर! जहाजावर बाकी सगळे कंपनीच्या निळ्या सुटात. नारिंगी मी एकटाच. इंजिनात उकाडा असा की माणूस घामाने निथळायचा. मी तेल झेललं, वाफ झेलली, पण शिवण कुठे उसवली नाही. मोठे साहेब एकदा म्हणाले, “सुजित, किधर से लिया रे?” तो म्हणाला, “घर का है, साब.” त्या दिवशी मी जरा ताठच होतो. हो, फुशारकी मारतोय. मारू द्या, आता माझ्याकडे दुसरं आहे काय?

पुढे एका लोखंडी कडेला अडकून माझा गुडघा टरकन फाटला. सुजितही निळा सूट घालू लागला. जहाजावर जुन्या सुटांच्या चिंध्या करून इंजिन पुसतात. माझी तर पाचावर धारण बसली होती. पण सुजितच्याने मला फाडवलं नाही. त्याने माझी घडी करून मला उशाशी ठेवलं.

तेवढ्यात जहाज धोक्याच्या पाण्यात शिरायची वेळ आली. मित्रांनो, समुद्रात अजूनही चाचे आहेत. लहान, वेगवान होड्यांतून येतात, शिड्या लावून मालवाहू जहाजावर चढतात आणि खलाशांना पकडून नेतात. म्हणून कठड्याला काटेरी तार गुंडाळतात, पाण्याचे जोरदार फवारे तयार ठेवतात. शिवाय जुन्या कपड्यांत चिंध्या भरून खोटी माणसं उभी करतात. लांबून चाच्यांना वाटावं की पहारा कडक आहे.

कप्तानाने हे सांगितलं तसा सुजित पुढे झाला. “साब, ये मेरे पे छोडो. हमारा खानदानी काम है!”

आणि खरंच होतं ते. त्याचे वडील हिरामण कुळगावच्या पलीकडे भातशेती करतात. त्यांच्या बुजगावण्याला नुसती पाखरंच नाही, माणसंही फसायची. एकदा विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाने बांधावरून त्याला हाका मारल्या आणि उत्तर येईना म्हणून वर शिव्याही घातल्या. हिरामणची युक्ती साधी होती. डावा खांदा जरा खाली पाडायचा. “मानूस कंदी खांबावानी सरल उबा ऱ्हातो काय?” असं तो लहान सुजितला सांगायचा.

सुजितने माझ्यात चिंध्या भरल्या, पांढऱ्या पोत्याचं डोकं बांधलं, वर हेल्मेट चढवलं आणि मला कठड्याला बांधून डावा खांदा पाडला. बाकीच्यांची खोटी माणसं हात पसरून वेड्यासारखी उभी होती. मी मात्र असा दिसत होतो, जसा कामातून जरा वर आलेला, वारा खात उभा राहिलेला सुजितच. सगळे खलाशी पोट धरून हसले. एकाने माझा फोटो काढून सुजितच्या घरी पाठवायला मोबाइल उघडला. सुजितने त्याचा हात धरला. “नको यार. चाचे म्हटलं की आई जेवण सोडेल.”

घरी त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

चाचे आलेच नाहीत. तांबड्या समुद्रात एका दुपारी सुजित पाळीवर निघाला. जाताना त्याने रोजच्यासारखी माझ्या पाठीवर थाप मारली. “लक्ष ठेव रे, दादा,” म्हणाला आणि लोखंडी जिना उतरून इंजिनात गेला. थोड्या वेळाने आकाशातून काहीतरी गुरगुरत आलं. दूरच्या कुणा दोघांची लढाई होती. आमच्या जहाजात गहू होता हो, नुसता गहू! ते स्फोटकं भरलेलं, बिनमाणसाचं उडतं यंत्र, ड्रोन, मागच्या बाजूला इंजिनाशी येऊन आदळलं.

धूर, आरडाओरडा, मग पुन्हा धूर. माणसं धडपडत वर आली. कप्तान एकेकाचं नाव घेऊ लागला. प्रत्येक जण ओ देत होता. “सुजित!” कप्तान ओरडला. परत ओरडला. दोघं जण तोंडाला ओलं कापड बांधून जिन्यापर्यंत गेले आणि खोकत मागे आले. खाली आग होती आणि पाणी भरत होतं. माझ्या छातीवर त्याचं नाव होतं, आणि मला ओ देता येत नव्हतं.

सगळे जीवरक्षक होडीत उतरले. बाकीची खोटी माणसं मागच्या कठड्याला होती, ती आगीत गेली; रिकाम्या जहाजावर मी एकटा राहिलो. वरून एक हेलिकॉप्टर घिरट्या घालून गेलं. त्यातून कुणीतरी फोटो काढला.

पुढचं मला या घरात आल्यावर शेजारच्या खुंटीने सांगितलं. त्या खुंटीवर एक कोरा नारिंगी सूट होता.

कंपनीचा फोन आला की बाकी सगळे वाचले, सुजित बेपत्ता आहे. घरात रडारड झाली. संध्याकाळी सुजितची बहीण शलाका हिच्या मोबाइलवर बातमी आली. काळवंडलेलं जहाज, आणि कठड्याशी नारिंगी कपड्यातला एक माणूस. बनूबाईने मोबाइल हिसकावूनच घेतला.

“अगो, ह्यो बघ माजा सुजित! कंपनीवाल्यांच्या डोल्यांना काय झालाय? उबा हाय माजा पोर! खांदा बघ, आसाच उबा ऱ्हातो तो!”

हिरामणने फोटो हातात घेतला. बराच वेळ बघितला. मग म्हणाला, “हां. उबा हाय,” आणि गोठ्याकडे निघून गेला.

त्या दिवसापासून बनूबाईने एकच धरून ठेवलं. जहाज पेटल्यानंतरचा फोटो, त्यात पोरगा उभा, म्हणजे तो जिवंत. दुसऱ्या कुठल्या बोटीने उचलला असेल, येईल. ती वेळेवर जेवायची, कामावर जायची, रडणाऱ्या शेजारणींना दटावायची. फोटोत गुडघा फाटलेला दिसला म्हणून तिने त्याच्यासाठी दुसरा नारिंगी सूट शिवला.

भात कापून झालं होतं तेव्हा कंपनीकडून सुजितच्या सामानाची पेटी आली. जहाज ओढून बंदरात नेल्यावर कुणीतरी मला कठड्यावरून सोडवलं होतं आणि छातीवरचं नाव वाचून सुजितच्या सामानात कोंबलं होतं. बनूबाईने चपला बाहेर काढल्या, चार्जर काढला, मग मला ओढलं. माझ्या मनगटांना दोऱ्या तशाच होत्या. पायात चिंध्या होत्या. गळ्याला ते पांढरं पोतं लटकत होतं.

मित्रांनो, मी जळून गेलो असतो तर किती बरं झालं असतं! तिने पोतं चाचपलं. चिंध्या उपसल्या. फाटका गुडघा बघितला. मग माझ्या डाव्या खांद्यात हात घालून हिरवी फुली शोधली आणि तशीच खाली बसली.

“ह्यो उबा व्हता?” ती म्हणाली.

दारातून हिरामण म्हणाला, “व्हय.”

“तुमाला म्हाईत व्हता?”

“मीच शिकवलेला खांदा हाय तो, बने. मी बगताच वलखला.”

“मंग बोल्लाव का नाय?” ती किंचाळली. “इतके दिस मी... का नाय बोल्लाव?”

“तू जेवत व्हतीस ना,” हिरामण म्हणाला. “म्हनून.”

मग ती जी रडायला लागली, ती शलाकालाही आवरेना. मला छातीशी धरून रडत होती. माझ्या जन्मात मी एवढा भिजलो नव्हतो, आणि मी समुद्रावर राहिलेला कपडा आहे.

जळालेल्या इंजिनात सुजितचा मागमूस लागला नव्हता. देह मिळाला नाही की आपल्याकडे दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. पुतळा हिरामणने स्वतःच बांधला. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मला वाटलं, आता मलाच नेतील. मी तयार होतो. पण बनूबाई म्हणाली, “जुना ऱ्हाऊ दे. त्येच्यात त्येचा घाम हाय.” मग तिने तो कोरा सूट आणून पुतळ्याच्या अंगावर घातला आणि चेन वर ओढली.

हिरामणचा हात सवयीने डाव्या खांद्याकडे गेला. बनूबाईने तो धरला.

“नका पाडू खांदा,” ती म्हणाली. “लई उबा ऱ्हायला. आता सरल निजवा त्येला.”

हिरामणने खांदा सरळ केला. उल्हास नदीच्या काठी तो नवा सूट गेला. मी इथे राहिलो.

मित्रांनो, तुमच्या घरचं किती सामान जहाजाने आलेलं असतं, ते घरात विचारून बघा. जहाजावर हल्ला झाल्याची बातमी कधी आलीच, तर मोठी माणसं म्हणतील, माल वाचला. तेव्हा खाली इंजिनात कोण होतं, एवढं तुम्ही विचारा. नाव समजलं तर मोठ्याने घ्या. मला ते कधीच घेता आलं नाही.