पाण्यात राहिलेली छत्री

छायाचित्र मंडळात त्याला खोडरबर म्हणत. पाणीपुरवठा खात्यातल्या आरेखकाला ती पदवी शोभतही होती. नकाशा पक्का झाला की कच्च्या रेघा ठेवायच्या नाहीत, ही कचेरीतली शिस्त त्याने छंदातही आणली होती. सुट्टीच्या दिवशी टिपलेले चित्र तो पुढे आठवडाभर संगणकावर घासत बसे. विजेची तार जाई, कोपऱ्यातली सायकल जाई, कुणाचा अर्धा खांदा जाई. क्षितिज सुतात येई. मग ते सुधारलेले चित्र तो मूळ चित्राच्याच जागी साठवी. "मूळ ठेवलं की हात मागे जातो," असे त्याचे म्हणणे.

त्या अर्ध्या खांद्यांतले बरेचसे त्याच्या बायकोचे होते.

प्रत्येक भटकंतीला ती बरोबर असे. खांद्याला त्याची पिशवी, आणि उन्हाची तिरीप भिंगावर येऊ नये म्हणून हातात एक पिवळी छत्री. सावलीची गरज संपली की ती छत्रीसकट पुढे रेंगाळत जाई आणि नेमकी चौकटीच्या कडेला उगवे.

"अगं, बाजूला हो!"

"होते हो. तुमच्यासमोर साक्षात देव उभा राहिला, तरी म्हणाल, जरा सरकता का?"

"देव छत्री घेऊन येत नाही."

"म्हणूनच त्याला कुणी पिशवी धरायला नेत नाही."

गेल्या हिवाळ्यात ती गेली. घरातले आवाज एकेक करून विझले, आणि महिन्याभराने मुलीने विचारले, "बाबा, आईचा एखादा साधा फोटो द्या ना. ओळखपत्रातला नको, त्यात ती दाढदुखी लपवत असल्यासारखी दिसते. समारंभातलेही नकोत. चालताना, हसताना... आपली आई."

"बघतो," तो म्हणाला.

त्याने वर्षांमागून वर्षे उघडली. पायवाटा, पूल, धुक्यातली झाडे. सगळे निर्मळ, सगळे निर्मनुष्य. ती कुठे उभी होती हे मात्र त्याला ओळखता येई. कारण माणूस पुसताना शेजारचाच तुकडा उचलून त्याच्यावर लावावा लागतो. एका चित्रात एकच दगड दोनदा होता. दुसऱ्यात भिंतीवरची एकच भेग जुळ्यासारखी शेजारी शेजारी. तिच्या प्रत्येक जागी जगाने स्वतःला पुन्हा एकदा उच्चारले होते, आणि त्या पुनरुक्तीत ती मावली होती. मुलीला त्याने एवढेच सांगितले, की अजून शोधतोय.

अशात मंडळाचे वार्षिक प्रदर्शन आले. मंडळाचे प्रमुख मास्तर, निवृत्त चित्रकला शिक्षक, यांनी त्याचे तळ्याचे चित्र निवडले: संध्याकाळ, एक वाकडा काठ, खाली काळेभोर पाणी. छपाईवाल्याने नमुना प्रत काढली आणि निरोप धाडला, "पाण्याच्या जागी डांबर छापलं जातंय. काळोख थोडा उचला."

रविवारी दुपारी, पडदा ओढून, त्याने चित्र उघडले आणि सावल्या उजळवणारा काटा हळूहळू उजवीकडे नेला. काळे करडे झाले. करड्यात डहाळ्यांची प्रतिबिंबे उमटली. आणि डाव्या कोपऱ्यात, पाण्याच्या तळातून वर यावे तसे, काहीतरी पिवळे.

पान असेल, असे वाटून त्याचा हात सवयीने पुसण्याच्या खुणेकडे गेला. मग त्याने तो कोपरा मोठा केला.

उलटी छत्री होती. ओंजळीसारखी उघडी. तिच्या दांड्यावर बोटे, आणि त्यांच्याजवळ लाटेने किंचित मोडलेला, हसणारा चेहरा. वर काठावर मात्र नुसती लव्हाळी. एकच झुपका, दोनदा. त्याने आधी पाणी काळे केले होते आणि मग काठ साफ केला होता. जे दिसत नव्हते, ते पुसायचे राहून गेले होते.

तो बराच वेळ काटा धरून बसला. काटा मागे नेला की ती बुडे; पुढे आणला की वर येई.

शेवटी त्याने तिला अलगद कापून घेतले, सुलटे केले आणि तिच्या काठावर उभे केले. जागा बरोबर होती, उंची बरोबर होती. पण तिच्या अंगभर लाटा होत्या. कोरड्या जमिनीवर ती पाण्यासारखी थरथरत होती. त्याने ते सारे रद्द केले आणि तिला होती तिथे ठेवले.

नवी प्रत पाहून मास्तरांचा फोन आला. "अरे खोडरबर, काठावर माणूस नाही आणि पाण्यात बाई? परीक्षक माझीच खिल्ली उडवतील. दोन मिनिटांचं काम आहे, पुसून टाक."

"नाही पुसत, मास्तर."

"मग लावता नाही यायचं. चूक ती चूकच."

"चूकच आहे. माझीच." तो म्हणाला, "ती माझी बायको आहे."

मग मास्तर हलकेच म्हणाले, "घरी ने."

त्याने ती प्रत चौकट करून मुलीच्या घरी नेली. काय झाले ते सांगितले. काही लपवले नाही. मुलगी रडली नाही. तिने काचेवर बोट ठेवले, छत्रीच्या कडेवरून फिरवले. "इतकी वर्षं आईला बाजूला हो म्हणत होतात ना?" ती म्हणाली.

तिने खिळा ठोकला, चौकटीची कडी सोडवून खालच्या कडेला बसवली, आणि चित्र उलटे टांगले.

आता काठ खाली लोंबत होता, लव्हाळी जमिनीकडे वाढत होती, आकाश तळाशी गेले होते. आणि वर, अंधुक पाण्यात, आई सरळ उभी होती. डोक्यावर पिवळी छत्री.

"असंच राहील," मुलगी म्हणाली.

त्याने खुर्ची ओढली आणि वर चढला. त्याने खिशातून कचेरीतली छोटी पाणसळ काढली, चौकटीवर ठेवली, आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत डावी बाजू केसभर वर उचलली. मग खाली उतरला. चित्र त्याने सुलटे केले नाही.