घरची चार मतं

रविवारी दुपारी जेवणं आटोपली, की छापखानेवाले टेबल पुसून घेत आणि वॉर्डाच्या मतपत्रिका पुढ्यात ओढत. घरात चार मतं: त्यांचं, बायकोचं, कॉलेजातल्या मुलीचं आणि आईचं. चारही कागदांवर खुणा तेच करत. सही तेवढी ज्याची त्याची. "इथं कर गं," म्हटलं की भांडी घासता घासता हात पुसून बायको सही करी. आईला तर उठवायचेही नाहीत. पलंगावरच पाटी टेकवून सही घ्यायचे.

गंमत अशी, की या मतपत्रिका याच गृहस्थांच्या छापखान्यात छापल्या जात. 'ज्याचं मत त्यानेच द्यावं' ही वरची ठळक ओळ त्यांनीच भांडून घालायला लावली होती. दहा वर्षं हा माणूस छापखान्याच्या पायरीवर बसून तावातावाने सांगत आला होता, की नगरसेवक हवाच कशाला? एकदा निवडून दिला की पाच वर्षं आपल्या नावाने तोच बोलणार. गटार कुठून न्यायचं, हे ज्याच्या दारावरून जाणार त्याला विचारा!

समोरचा पेन्शनर त्यांच्याशी रोज वाद घाली. "अहो, प्रत्येक गोष्ट चारशे माणसांना विचारत बसलात, तर ते गटार तुमच्या नातवाच्या लग्नापर्यंत व्हायचं नाही. एक माणूस नेमा, चुकला तर त्याचा कान धरा."

शेवटी नगरपालिकेने दोन वर्षांपुरता प्रयोग मान्य केला. वॉर्डाचे प्रश्न लोकांनीच मतं देऊन सोडवायचे, नगरसेवकाने फक्त अंमलबजावणी करायची. छापखानेवाल्यांना आभाळ ठेंगणं झालं.

त्या रविवारचा प्रश्न होता: कोपऱ्यावरची वृद्धांची खोली पाडून तिथं गाड्या उभ्या करायला जागा करावी का? कागदाचा ट्रक उभा करायला जागा नाही म्हणून छापखानेवाले रोज हैराण होत. त्यांनी चारदा 'होय'वर खूण केली. आई रोज अकरा ते चार त्याच खोलीत मैत्रिणींबरोबर असते, हे त्यांना माहीत होतं. पण बसायचंच तर घरात काय जागा कमी आहे, असं त्यांना वाटलं. तिला विचारावं, हे मनातच आलं नाही.

पंधरा दिवसांनी आई अकराला गेली ती सव्वाअकराला परत आली.

"कुलूप लावलंय," ती म्हणाली. "तीन मतांच्या फरकाने ठरलं म्हणे. आपल्याच लोकांनी दिली मतं. कोण रे मेले असे?"

छापखानेवाले वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसले. बायको ओट्याकडे वळली. मुलीला मात्र राहवलं नाही.

"आजी, आपल्या घरातून चारही 'होय' गेलीत."

"चार? म्हणजे माझंही?" आईने लेकाकडे पाहिलं. राग नव्हता, खरोखरच विचारत होती. "मी काय लिहिलं होतं रे?"

बायको हळूच म्हणाली, "मला विचारलं असतंत, तर मी 'नाही' लिहिलं असतं." मुलगी म्हणाली, "मीसुद्धा." ही तीन मतं फिरली असती तर निकालच फिरला असता, हा हिशेब छापखानेवाल्यांनी न मांडताच मांडला गेला.

त्यानंतर आई खिडकीशी बसू लागली. घरात सगळे होते, पण सकाळ ते संध्याकाळ तिच्याशी बोलायला वेळ कुणाला होता? तिच्या मैत्रिणींचंही तसंच. एकीला लेकीने दूर गावी नेलं. एक घरात एकटीच असताना पडली आणि अंथरुणाला खिळली. खोलीही पुढच्याच आठवड्यात पाडली. दर बातमीला छापखानेवाल्यांना वाटे, हे आपण केलं.

वॉर्डाच्या सभेत ते उभे राहिले आणि सगळं सांगून टाकलं. कित्येक पुरुष बुटांकडे पाहत होते. त्यांच्या घरी वेगळं काही होत नव्हतं.

पेन्शनर बाहेर भेटला. "पाहिलंत? म्हणून म्हणतो, नगरसेवक बरा. पाच वर्षांनी का होईना, मत मागायला दारात तरी येतो. तुमच्या घरात शेवटची निवडणूक कधी झाली होती?"

पण छापखानेवाले घरी बसले नाहीत. पुरेशा सह्या मिळाल्या तर तीन महिन्यांनी प्रश्न पुन्हा मताला टाकता येत होता. ते दारोदार हिंडले. जो तो म्हणे, "द्या इकडे, मी करतो सगळ्यांच्या." हे म्हणत, "घरातल्यांना बाहेर बोलवा. मी थांबतो." काहींनी दार लावून घेतलं. तरी सह्या जमल्या. नवी मतपत्रिका छापली: खोली पुन्हा बांधावी का?

रविवारी त्यांनी चौघांपुढे चार कागद आणि चार पेनं ठेवली. आईने चष्मा लावून कागद दोनदा वाचला.

"काहीही लिहिलं तरी चालतं ना?"

"चालतं, आई."

तिने 'नाही'वर खूण केली.

"आई! अगं, तुझ्यासाठीच तर..."

"कुणासाठी रे? तिथं माझ्या बाया होत्या. आता नुसत्या भिंती घेऊन काय करू? तुझ्या मनाला बरं वाटावं म्हणून मी 'होय' लिहू का?"

ते कागद गोळा करून निघाले. वाटेत आईचा कागद सगळ्यांत वर होता आणि खिशात पेन होतं. पेटीपाशी ते बराच वेळ उभे राहिले. एक खूण खोडायची, दुसरी करायची; कुणाला कळलंही नसतं, आणि तेही तिच्या भल्यासाठीच. आजवर दर रविवारी त्यांनी हेच तर केलं होतं.

त्यांनी आईचा कागद घडी घालून पेटीत टाकला. मग तिथल्याच बाकावर बसून, लोक येत-जात असतानाच, हा जाणता माणूस रडला.

वाचकहो, तुमच्या घरात मतं किती, हे तुम्ही चटकन सांगाल. त्यांतलं एखादं काय आहे, हे तुम्ही शेवटचं कधी विचारलं होतं?