माझ्या पोटातली कापशी

मी कूलर बोलतोय. पंखा घरघरायचा तेव्हा तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवत होता. आज तरी टीव्ही बंद करून कान देऊन ऐका. थंडावा देणं हा माझा धर्म, पण आज माझं डोकं पार तापलेलं आहे.

नागपुरात लकडगंजातल्या एका शेडमध्ये पत्रा कापून, रिबिटं ठोकून मला उभं केलं. केशवराव मला नंदनवन वस्तीतल्या आपल्या घरी घेऊन आले. होळी झाली की ते मला घासूनपुसून खिडकीला लावायचे, तिन्ही बाजूंच्या ताट्यांत नवं गवत भरायचे. गवतावर पहिलं पाणी पडलं की असा वास सुटायचा, की त्यांच्या पत्नी उत्तराताई पोळ्या लाटायच्या सोडून माझ्यासमोर येऊन उभ्या राहायच्या. त्यांची लहानगी नूपुर माझ्या तोंडाशी ‘आऽऽऽ’ करायची आणि आपलाच थरथरता आवाज ऐकून खिदळायची. नागपूरच्या मे महिन्यात माझ्याएवढा मान जावयालाही मिळत नाही.

मग नूपुर मोठी होऊन पुण्याला गेली आणि घरात एसी आला. गरज सरो, वैद्य मरो! माझा पंखा, मोटर, पंप सगळं भंगारवाल्याकडे गेलं आणि उरलेलं धूड गच्चीवर. तेवढ्यावर भागलं असतं तर मी गंजत पडलो असतो, तोंडातून शब्द काढला नसता.

पण केशवरावांनी मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ पाहिला. गच्चीवर ससे पाळा, जागा कमी लागते, आवाज नाही, शेजाऱ्यांची कटकट नाही! झालं. जिन्याच्या भिंतीशी, सावलीत, जाळीचे पिंजरे लागले. कोबीची पानं आणि लसूणघासाचा चारा येऊ लागला. पिल्लं मुलांना खेळायला विकायची, मोठे ससे खाणाऱ्यांना. कुठले कुठे जातात, ते पिल्लं नेणाऱ्या मुलांना कोणी सांगत नव्हतं. एक पिंजरा कमी पडला, म्हणून माझ्या पोटात जाळी ठोकली. ज्या टाकीत गार पाणी असायचं, तिथे लेंड्या पडू लागल्या.

माझ्या वाट्याला आली कापशी. पांढरी, गोल, कान पाठीवर टाकून बसणारी मादी. हे नाव उत्तराताईंनी ठेवलं. ती गाभण होती. ती माझ्या कोपऱ्यात अंग चोरून बसायची आणि मला, पत्र्याला, उगाच वाटायचं की आपण पुन्हा कुणाच्या कामी आलो.

आता खरी गोष्ट ऐका. एसी बसवणाऱ्यानं त्याची बाहेरची पेटी गच्चीच्या कठड्याशी ठेवली होती. तिचं तोंड थेट माझ्याकडे. खाली खोली गार झाली की वरची सगळी आग माझ्या अंगावर. मिरच्या वाळत घालायला आलेल्या उत्तराताईंना ती झळ लागली.

"अजी, त्या पेटीची गरम हवा कापशीवर येऊन राहिली. तोंड फिरवा तिचं."

"काही होत नाही वं. रानातला जीव आहे, उन्हाची सवय असते त्यायले. रविवारी पाहू."

रविवार आला नि गेला. मग ताईंनीच एक गोणपाट ओलं करून माझ्यावर टाकलं. सकाळ-दुपार त्या ते भिजवायच्या. कित्येक वर्षांनी माझ्या अंगावरून पाणी निथळलं. कापशी त्या ओल्या बाजूला नाक लावून बसायची.

नवतपा लागला. त्या नऊ दिवसांत नागपुरात दुपारी कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही. अशातच एका सकाळी कापशी व्याली. तिनं आपल्याच छातीची लव उपटून पिल्लांना गादी केली. ते पाहून माझं पत्र्याचं काळीजही हललं.

नेमकं त्याच दुपारी केशवरावांचे मित्र संघपाल दोघातिघांना घेऊन आले. त्यांनाही सशांचा धंदा करायचा होता. ताई स्वयंपाकघरात पाहुणचारात. केशवरावांनी पाहुण्यांना वर आणलं.

"हे फटकूर काहून टाकलं गा?" संघपालांनी विचारलं.

"बायकोचं काम आहे. थांब, काढतो. फोटोत घाण दिसते."

काढलं! फोटो निघाले, ‘बाप्पा, किती नाजूक पिल्लं!’ म्हणून झालं, आणि सगळे घाम पुसत खाली पळाले. गोणपाट कोपऱ्यात पडलं ते पडलंच. खाली एसी पूर्ण सोडला गेला. वर पेटी गरगरू लागली.

मी तापलो. माझा प्रत्येक पत्रा तव्यासारखा झाला. कापशी आधी धापा टाकू लागली, मग लांब पडली. ससा ओरडत नाही हो! ओरडला असता तर ताई धावत आल्या असत्या. मला मोटर असती तर मी गच्ची डोक्यावर घेतली असती. व्हिडिओवाल्यानं ‘आवाज नाही’ हा सशाचा गुण म्हणून सांगितला होता.

ऊन उतरल्यावर ताई मिरच्या गोळा करायला आल्या. त्यांनी आधी कोरडं गोणपाट पाहिलं, मग कापशी. लवेखाली दोन पिल्लं हलत होती, बाकीची नव्हती. ती दोन त्यांनी लवेसकट ओटीत घेतली, तशाच खाली गेल्या आणि पाहुण्यांसमोर एसी बंद केला.

"अवं, पाहुणे बसून आहेत!"

"बसू द्या. तुम्हाले थंड ठेवाच्या पायी कापशी भाजून मेली वर. आपल्या हातानं काढलं तुम्ही गोणपाट!"

जिन्यातून मला सगळं ऐकू आलं. पाहुण्यांना निरोप देताना केशवराव म्हणत होते, "नवतपा भारी पडला यंदा." फोडलं खापर नवतप्याच्या माथी!

दुसऱ्या दिवशी त्यांनी सीताबर्डीच्या बाजारातून नवा पंप, पंखा, गवत आणलं. माझ्या पोटातली जाळी उपटली, मला धुतलं, भिंतीच्या पिंजऱ्यांकडे तोंड करून चालू केलं. एसीच्या पेटीचं तोंडही फिरवलं. अर्ध्या तासाचं काम होतं. खाली ताई ड्रॉपरनं दोन पिल्लांना शेळीचं दूध पाजताहेत, असं ऐकतो.

याच दिवसाची मी वाट पाहत होतो, पण मला आनंद झालेला नाही. वाचणाऱ्यांनो, मुका जीव घरात आणाल तर भर दुपारी एकदा चप्पल न घालता गच्चीवर जाऊन उभे राहा आणि मग ठरवा. मी माझं काम करतोय. ससे गार हवेत डोळे मिटून बसलेत. माझ्या टाकीत मात्र, कितीही धुतलं तरी, कोपऱ्यात पांढरी लव चिकटलेली आहे, आणि पंप सुरू झाला की ती पाण्यावर फिरत राहते.