शिगेचा हिशेब

मित्रांनो, कायद्याने मी बाद आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी मला त्याची आठवण करून द्यायला नको. मी धान्य मापायचा एक जुना पितळी शेर आहे. बाद ठरलो, पण खोटा ठरलो नाही. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तोच सांगायला मी बसलो आहे.

नगरच्या एका तांबटाने मला घडवले. त्याने पत्रा ठोकला, गोल वळवला, डाग दिला आणि माझी कड दुमडून जाड केली, कारण मापाचे सगळे खरेपण त्याच्या कडेत असते. सरकारी माणसाने माझ्यात धान्य ओतून पाहिले आणि पोटावर छाप मारला. मग मी पारनेरच्या एका किराणा दुकानात कामाला लागलो. दुकानदार मला धरताना अंगठा आत घालायचा. त्याच्या अंगठ्याएवढी ज्वारी रोज गिऱ्हाइकांच्या घरी जायची राहायची आणि नाव माझे खराब व्हायचे. मी काही करू शकत नव्हतो. मापाला हात नसतात.

पुढे दशमान पद्धत आली. किलोची वजने आली आणि दुकानदाराने मला भंगारात फेकले. तिथून एका म्हाताऱ्याने मला उचलून घरी आणले. त्याच्या बायकोचे नाव रतनबाई. शेजारणी हसल्या, "रतनाक्का, ह्यो शेर तर सरकारनं बंद केला." रतनबाई म्हणाली, "बंद केला म्हंजी काय, त्याचं पोट बारीक झालं का?"

त्या दिवसापासून मी त्या घरचा झालो.

आता तुम्हाला शीग म्हणजे काय ते सांगायला हवे. मला काठोकाठ भरल्यावरही धान्य ओतत राहिले, तर वर एक टोकदार ढीग उभा राहतो. ती शीग. माप उंच आणि अरुंद असेल तर शीग लहान राहते. माझे अंग बसके आणि तोंड रुंद, म्हणून माझ्यावर ती मोठी राहते. रतनबाईच्या घरी मला शीग लावल्याशिवाय कधी ओतले गेले नाही. दारावर कुणी आला, शीग. दळण काढायचे, शीग. "सपाट माप द्यायला आमी काय दुकान मांडलंय?" असे ती म्हणायची आणि तिचा आवाज अंगणापर्यंत जायचा. मला त्याचा फार अभिमान वाटे. अंगठ्याखाली दबून राहिलेल्या मापाला डोक्यावर शीग मिळाली, की त्याला काय वाटत असेल ते तुम्हीच समजा.

म्हातारा वारला. रतनबाईचा मुलगा सहादेव पारनेरच्या शाळेत शिपाई होता. त्याची बायको चांगुणा, मुलगी पुष्पावती आणि दोन धाकटे मुलगे. बहात्तर सालच्या वैशाखात सहादेवने धाकट्या बहिणीचे लग्न केले. कापड आणि जेवणावळीची ज्वारी आबासाहेब नावाच्या व्यापाऱ्याकडून उधार आली. ज्वारी घरी येऊन पडली, तेव्हा रतनबाईने मला पुढे केले. घरचे माप असले की मनात शंका राहत नाही. आबासाहेबांचा दिवाणजी मला भरू लागला आणि दर वेळी तळहाताने माझ्यावरची शीग पोत्यात परत पाडू लागला. रतनबाई उंबऱ्यात उभी होती. तिने ते पाहिले. लग्नघर होते, म्हणून ती काही बोलली नाही.

लग्न झाले आणि चारशे रुपयांचे कर्ज उरले.

त्या साली पावसाने तोंड दाखवले नाही. ज्वारीचा भाव चढू लागला. रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिलो, मिळू लागली. तिची भाकरी थापताना काठाला चिरायची. सहादेव शाळेतून खडूचे तुकडे आणायचा. त्याने स्वयंपाकघराच्या दारामागे महिन्याचा खर्च मांडला. दळणाच्या डब्यात बसून मला तो दिसायचा. ज्वारी अमुक शेर. मीठ, तेल, काडेपेटी. चहा नाही. बिडी नाही. दवाखाना नाही. दारावरचे नाही. खाली मोठ्या अक्षरांत लिहिले, आबासाहेब तीस रुपये.

मित्रांनो, इतका सुंदर हिशेब मी आयुष्यात पाहिला नव्हता. त्यात एकच उणीव होती. त्या घरातली माणसे त्यात कुठेच नव्हती.

महिना संपायच्या आत ज्वारी संपली. धाकट्याला ताप आला. पाहुणे आले आणि चहा झालाच. सरतेशेवटी दुकानातून चढ्या भावाने ज्वारी उधार आणावी लागली. आबासाहेबांना काहीच मिळाले नाही. सहादेवने दार पुसले आणि तोच हिशेब पुन्हा लिहिला. पुन्हा तसेच झाले. तिसऱ्यांदा लिहिताना त्याने खडू इतका दाबला की तो मोडला.

भाद्रपदात आबासाहेब स्वतः आले. माणूस गोड बोलणारा. घोंगडीवर बसून पाणी प्याले आणि म्हणाले, "सहादेव, तुला न्हाई जमत, मला कळतंय. पुष्पीला आमच्या बंगल्यावर धाड. धुणंभांडी करंल, दोन येळा पोटभर जेवंल. व्याज त्यात वळतं करू. मी काय परका हाय व्हय?"

"आन शाळा?" चांगुणा आतून म्हणाली.

"शाळा कुटं पळून चाललीय, सूनबाई?"

पुष्पावती दहावीत होती. तिला शिक्षिका व्हायचे होते. धाकट्या भावांना ती पाढे शिकवायची आणि चुकले तर चिंचोका डोक्यावर मारायची. ती भिंतीला टेकून उभी राहिली. सहादेवची मान खाली होती. रतनबाई पुटपुटली, "मानूस इज्जतीनं मागतोय, सहादेवा."

"पाडव्याला सांगते," चांगुणा म्हणाली.

आबासाहेब हसले. "त्यात सांगायचं काय? दिवाळीच्या पाडव्याला मी मानूस धाडतो. पोरीचं बोचकं बांधून ठेवा."

ते गेले. चांगुणा रडली नाही. शनिवार होता, दळण काढायचे होते. तिने परात मांडली, मला डब्यातून बाहेर घेतले आणि पुष्पावतीला म्हणाली, "लाटणं दे."

तिने मला शिगेपर्यंत भरले आणि माझ्या कडेवरून लाटणे फिरवले. शीग परातीत पडली. मी सपाट झालो. खरे सांगतो, मला लाज वाटली. इतक्या वर्षांची पगडी कुणी भर चौकात उतरवावी तसे झाले. रतनबाई तर उठूनच उभी राहिली.

"चांगुणे, आवदसा आठवली का तुला? माझ्या घरात सपाट माप?"

"बसा, आत्याबाई. जरा बघा तरी."

सपाट शेर एकीकडे, शीग परातीत. असे आठ वेळा झाले. मग चांगुणाने परातीतली ज्वारी ओंजळींनी माझ्यात भरली. ती माझ्या कडेला येऊन टेकली. एकही दाणा वर नाही, बोटभरही जागा खाली नाही.

"ह्यो बघा," चांगुणा म्हणाली. "आठ शेर दळायला काढले की नववा कुनाला न सांगता जातो. ह्यांनी दारावर लिवली सपाट ज्वारी, आन आपुन काढतो शिगेची. मंग महिना पुरंल कसा?"

"जातो तर कुनाच्या तरी पोटातच जातो की!" रतनबाई तडकली.

"पोटात कुटं? दुरडी रिकामी दिसू नये म्हनून रोज दोन भाकरी जादा थापतो. सकाळी त्या शेजारच्या म्हशीला. म्हैस बगा कशी झालीया, आन आपली पोरगी दुसऱ्याची भांडी घासाया चाललीया."

पुष्पावतीला हसू आले आणि तिने ते पदराआड दाबले. रतनबाई मात्र पाठ फिरवून अंगणात निघून गेली.

पगाराच्या दिवशी चांगुणाने सगळ्यांना स्वयंपाकघरात बसवले. दारामागचा हिशेब ओल्या फडक्याने पुसून टाकला. मग भावांचे चिंचोके मागून घेतले आणि एकशे तीस चिंचोके मोजून जमिनीवर ओतले. एक चिंचोका म्हणजे एक रुपया.

"जे व्हनारच हाय, ते आधी काढायचं," ती म्हणाली. "नुसतं चांगलं दिसाया लिवायचं न्हाई."

पहिला ढीग ज्वारी आणि मिलोचा, सपाट मापाने. दुसरा पुष्पावतीच्या वह्यांचा आणि फीचा. मग मीठ-तेल, रॉकेल, चहा, औषध. "आन हे बिडीचे."

"मी सोडली की," सहादेव म्हणाला.

"मंग मागल्या भिंतीआड धूर कुनाचा निगतो? चूल तर पुढं हाय!"

सगळे हसले. सहादेवही हसला, त्या घरात कितीतरी दिवसांनी. बिडीचे चिंचोके बाजूला पडले. मग चांगुणाने चार चिंचोके रतनबाईच्या पुढ्यात सरकवले.

"दारावर आलेल्याला रिकामं धाडायचं न्हाई, ही घरची रीत हाय. ह्ये चार तुमचे, आत्याबाई. त्यात शीग द्या न्हाईतर डोंगर द्या. पन पाचवा मागायचा न्हाई."

रतनबाईने ते चार चिंचोके मुठीत घेतले आणि किती तरी वेळ मूठ उघडली नाही.

शेवटी जमिनीवर अकरा चिंचोके उरले.

"अकरा?" सहादेवचा चेहरा उतरला. "मी त्यास्नी तीस कबूल केल्ते."

"तीस कबूल केले आन शून्य दिले. आता अकरा कबूल करू, आन अकराच देऊ."

मित्रांनो, तो महिना मला चांगला आठवतो. लाटणे माझ्या कडेवरून फिरे आणि मी गप्प बसे. भाकऱ्या मोजून होत, पण कुणी उपाशी उठले नाही. शेजारची म्हैस तेवढी वाळली. महिना संपला तेव्हा माझ्या तळाशी ज्वारी होती. दुकानातून उधार काही आले नाही. डब्यातल्या अकरा रुपयांना कुणी हात लावला नाही, बिडीसाठीही नाही.

पाडव्याला माणूस आला नाही, आबासाहेब स्वतःच आले. डोक्याला नवा फेटा होता. "काय, बांधलं का बोचकं?"

मी चुलीपाशी होतो, कारण चांगुणा तेव्हा दळण काढत होती. तिने पदराला हात पुसले आणि त्यांच्यापुढे अकरा रुपये ठेवले.

"पोरगी येनार न्हाई, आबासाहेब. दर महिन्याला ह्ये अकरा येतील. पगाराच्या दुसऱ्या दिवशी. मागाया यायची गरज न्हाई."

"अकरा?" ते हसले. "अगं, त्यातले सहा तर नुसतं व्याज."

"व्हय. आन पाच मुद्दल."

"अशानं फिटायला साडेचार वरसं लागतील!"

"लागू द्या. तवर पोरगी मास्तरीण झाली असंल. मंग राहिलेलं तीच आनून दील, तुमच्या बंगल्यावर. पुढच्या दारानं."

आबासाहेबांचे हसू गेले. त्यांची नजर माझ्यावर पडली, माझ्या सपाट तोंडावर, शेजारच्या लाटण्यावर. ते रतनबाईकडे वळले. "रतनबाई, तुमच्या घरात ह्ये कवापासून? सपाट मापाच्या घरात बरकत ऱ्हात न्हाई, ध्यानात ठेवा."

मला वाटले, झाले. रतनबाईच्या मनातलेच ते बोलले होते. चांगुणानेही मान वळवून सासूकडे पाहिले.

रतनबाई सावकाश उठली. मला उचलून तिने आबासाहेबांच्या समोर घोंगडीवर ठेवले.

"वैशाखात तुमची जवारी आली, ती ह्याच शेरानं मापली. तुमचा दिवाणजी हातानं शीग पाडत हुता. मी उंबऱ्यात उभी हुते, समदं बघत हुते. तवापासून तुमच्या घरची बरकत काय हटली न्हाई, आबासाहेब. मंग आमचीच का हटावी?"

बाहेर पोरे टिकल्या फोडत होती. आबासाहेबांनी अकरा रुपये उचलले, खिशात घातले आणि पायात जोडे घालून निघून गेले. पाणीही प्याले नाहीत.

"चहा टाक, चांगुणे," रतनबाई म्हणाली. "चहाचे चिंचोके हायत ना अजून?"

मित्रांनो, कर्ज अजून फिटलेले नाही. मी तुम्हाला खोटे सांगणार नाही, माझा धंदाच खरे सांगण्याचा आहे. दर महिन्याला अकरा जातात. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी, मिलोही मिळेनाशी झाली तेव्हा, चिंचोके पुन्हा मांडावे लागले आणि सहादेवची बिडी खरोखरच सुटली. पण अकराचे दहा कधी झाले नाहीत. लोक म्हणाले, सहादेवचे घर चिक्कू झाले. म्हणू देत. ज्यांच्या घरी पाहुण्यापुढे शीग आणि दारामागे उधारी आहे, त्यांनी मला माप शिकवू नये.

तुम्हाला एकच सांगणे आहे. तुमच्याही घरी माझ्यासारखे कुणीतरी असेल, भांड्यांच्या मागे पडलेले. मला चिंचेने घासून फळीवर शोभेला मांडू नका. मला पोचे पाडू नका, माझी कड सांभाळा. आणि हिशेब मांडाल तेव्हा त्यात माणसे धरा, त्यांची बिडी, त्यांचा ताप आणि त्यांची दानत धरा. ज्या हिशेबात आजीच्या मुठीतले चार चिंचोके नाहीत, तो पहिल्याच आठवड्यात मोडतो.

यंदा पुष्पावती अकरावीची मॅट्रिक पास झाली. परवा ती नगरला शिक्षिकेच्या शिक्षणाला गेली. तिथे हाताने रांधून खायचे, म्हणून सोबत ज्वारी द्यायची होती. पिशवीचे तोंड उघडून ती बसली आणि रतनबाईने मला भरले. भरतच राहिली. माझ्या डोक्यावर शीग चढली, दाणे चारी बाजूंनी ओघळू लागले.

चांगुणा लाटणे घेऊन शेजारी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले, मग सासूकडे.

"होऊ द्या, आत्याबाई," ती म्हणाली, आणि लाटणे फळीवर ठेवून दिले. "ती शीग मी आधीच धरलीया."