मागाच्या खड्ड्यातली डुकरीण

डुकरांत मरी आली आणि आठवड्याभरात भागीरथाबाईची तीन डुकरं गेली. अंग तव्यासारखं तापायचं, मागचे पाय लटपटायचे, कानांवर जांभळे डाग पडायचे. एक गाभण डुकरीण तेवढी उरली. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला लस टोचली आणि बजावलं, "हा ताप माणसाला होत नाही. पण हिला दुसऱ्या डुकरांच्या वाऱ्यालाही उभं करू नका."

घरात बंद जागा एकच, मागाची खोली. सूत मिळेना तेव्हा माग बंद पडला, त्याची लाकडं चुलीत गेली आणि विणताना पाय सोडून बसायचा तो खड्डा राहिला. विणकरांच्या गल्लीत डुकरं पाळली म्हणून लोक आधीच नावं ठेवत होते. त्यांच्या नाकावर टिच्चून भागीरथानं खड्डा रुंद केला आणि डुकरीण त्यात ठेवली.

झालं! दुसऱ्याच सकाळी गल्लीचे म्होरके मारोतराव कार्पोरेशनचा माणूस घेऊन दारात हजर. हुकूम मोकाट डुकरं उचलायचा होता. ही मोकाट नव्हती, पण मारोतरावांना कोण सांगणार?

"काहून इटाळून राहिली वं मागाची जागा? दसऱ्याले पूजा करतो आपण तिची!"

भागीरथा खड्ड्याच्या काठावर आपल्या जुन्या जागी बसली आणि पाय आत सोडले. डुकरीण पायांमागे दडली.

"वीस वर्सं मी इथंच बसली, मारोतराव. माग बंद पडला तवा जेवली का म्हणून कोणी इचारलं नाही. आता हा खड्डा मले पोसणार हाये, त तुमाले इटाळ आठवला?"

मारोतराव ओशाळले, पण हट्ट सोडतील तर कसले! "काढा तिले," ते त्या माणसाला म्हणाले.

त्यानं फास टाकून पाहिला. भागीरथाचे पाय आडवे आले. शेवटी वैतागून त्यानं खड्ड्यात उतरायला पाय उचलला, तोच मारोतराव ओरडले, "अहो, बूट! बूट काढा! मागाचा खड्डा हाये तो!"

माणसानं आपल्या बुटांकडे पाहिलं, मग खड्ड्यातल्या रात्रभराच्या घाणीकडे पाहिलं.

"मंग तुमीच उतरा अनवाणी," तो म्हणाला आणि फास गुंडाळू लागला.

भागीरथा थोडी सरकली, शेजारी जागा करून दिली.

"या ना, मारोतराव. चपला तिथं दाराशी काढा."