अर्धी गोळी

शिवकांताने पाटावर गोळी ठेवली आणि सुरीने मधोमध कापली. एक तुकडा उडून चुलीकडे गेला. तो तिने बोटाच्या टोकाने उचलला, फुंकला, पदराला पुसला. तिचा मंगळवार होता. दुपार कलली तरी पाण्याशिवाय तोंडात काही गेले नव्हते.

तिचा लेक कृष्णराज भिंतीला टेकून बसला होता. अंगावर गोधडी, तरी दात वाजत होते. ढोकीच्या रस्त्याने उसाचा ट्रॅक्टर हाकणारे ते हात आता मांडीवरही ठरत नव्हते. पहाटे त्याला फिटचा झटका आला होता.

"घे बाबा."

"न्हाय माय. भंडारा उचललाय म्या."

उचलला होता खरा. गादीखाली नशेच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या सापडल्या, तेव्हा तीच त्याला धरून येरमाळ्याला घेऊन गेली होती. येडाई देवीच्या पायरीवर त्याच्या ओंजळीत भंडारा ठेवून तिने वदवून घेतले होते, कसलीच गोळी तोंडात घालणार नाही. आजवर त्याने किती शब्द दिले आणि मोडले. हा एक तो पाळत होता.

उंबऱ्यात धाकटा दीर रामहरी बसला होता. सकाळी पुतण्याला जीपमध्ये घालून दवाखान्यात त्यानेच नेले होते.

"वहिनी, डॉक्टर काय म्हनले, ऐकलं न्हवं तुमी? नशेच्या गोळ्या एकदम बंद केल्या म्हणून झटका आला. हीच गोळी रोज द्यायची, अन् हळूहळू कमी करायची. दुसरा झटका आला तर जिवावर बेतंल."

"हीच, भावजी?"

"हीच. ते इचारत व्हते, एवढ्या गोळ्या ह्यो आणतो कुठनं? म्या म्हनलं, साहेब, आमच्याकडं टपरीवर बडीशेपेसंगं मिळत्यात. दहावीची पोरं खिशात घालून हिंडतेत."

तो हसायला गेला, पण हसू उमटले नाही.

शिवकांता देवघरापाशी गेली. कोयरीतला भंडारा तिने स्वतःच्या तळहातावर घेतला, डोळे मिटले. ओठ हलले. मग लेकाजवळ येऊन बसली.

"शपथ म्या घातली व्हती, म्याच मोडते. येडाई इचारंल तर मला इचारंल. तोंड उघड."

"तुला काय झालं म्हंजी?"

"मला काय व्हतंय रं!"

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने तोंड उघडले. पाण्याचा तांब्या दातांवर वाजला.

ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बऱ्याच वेळाने खांदे सैल पडले, गोधडीतली थरथर मंदावली. रामहरीने उपरण्याने तोंड पुसले आणि चहा सांगायला बाहेर गेला. पहाटेपासून कोंडलेला श्वास शिवकांताने हलकेच सोडला.

"माय."

"काय रं राजा?"

त्याचे डोळे मिटलेलेच होते.

"बाकीच्या कुठं ठेवल्यास गं?"

पाठीवरचा हात थांबला. मग पुन्हा फिरू लागला. दुसऱ्या हाताने तिने कमरेला खोचलेली गोळ्यांची पट्टी आणखी आत सारली.